जुनी गाणी ऐकताना मनातली कुणकुण कशी पकडायची, आणि तिच्यावर कितपत विसंबायचं

आधी मोबाईल उलटा ठेवा. गाण्याचं नाव, गायकाचं नाव, वर्ष, तो चौकोनी फोटो, काही म्हणजे काही दिसता कामा नये. जुन्या गाण्यांची कुठलीतरी प्लेलिस्ट शफलवर टाका, शक्यतो दुसऱ्या कोणीतरी बनवलेली, कारण आपण बनवलेल्या लिस्टमध्ये पुढे काय येणार ते अर्धंअधिक ठाऊकच असतं. गाणं सुरू झालं की पहिल्या दहा-पंधरा सेकंदांत मनात जे येईल ते पकडायचं. "हे बरंच जुनं दिसतंय." "आवाज ओळखीचा आहे पण हा तो नाही." "काहीतरी खटकतंय." बस, एवढंच. का वाटलं ते नंतर बघू.

हे कशाला करायचं? मनात पाल चुकचुकते हा अनुभव सगळ्यांचा आहे, पण ती कधी खरं बोलते आणि कधी उगाच, हे शिकायचं कुठे हा खरा प्रश्न. नोकरी सोडावी का, या माणसावर भरवसा ठेवावा का, असल्या बाबतीत अंदाज बरोबर होता की नाही हे कळायला वर्षं जातात आणि बरेचदा कळतच नाही, कारण जे केलंच नाही त्याचं काय झालं असतं हे कोण सांगणार. गाण्यात तसं नाही. अंदाज बांधला, मोबाईल सुलटा केला, उत्तर समोर. चुकलात तरी कोणाचं काही बिघडत नाही. एका बैठकीत तीन-चार अंदाज सहज होतात, म्हणजे सरावाला इतकी स्वस्त जागा दुसरी नाही.

आणि जुनीच गाणी का, तर त्यांच्यावर त्या काळाच्या मशीनचे, खोलीचे, घाईगडबडीचे ठसे स्पष्ट राहिलेले असतात. आपले कान ते ठसे टिपतात, फक्त आपल्याला सांगत नाहीत. कुणकुण म्हणतात ती बहुतेक वेळा हीच असते, कानाने टिपलेलं पण डोक्यापर्यंत शब्दांत न पोचलेलं काहीतरी.

कान नक्की काय टिपतात

हे थोडं माहीत असलं की अंदाजाला पाया मिळतो. सगळं पाठ करायची गरज नाही, एकदा वाचून ठेवलं तरी पुष्कळ.

"स" ऐका. खरंच, फक्त "स" आणि "श" ऐका. १९२५ च्या आधी रेकॉर्डिंगला माइक नव्हताच, भलामोठा कर्णा असायचा, गाणाऱ्याने त्याच्या तोंडाशी उभं राहून गायचं आणि आवाजाच्या जोरावरच सुई मेणात खाच पाडायची. त्या पद्धतीत साधारण अडीच-तीन हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही पकडलं जात नव्हतं, आणि "स" चा जो सळसळता भाग असतो तो त्याच्या बराच वर असतो. त्यामुळे त्या काळच्या रेकॉर्डवर "स" जवळपास पुसलेला येतो, गायक बोबडा वाटावा इतका. खालचे सूरही तसेच गायब. ठेका चालू आहे हे कळतं पण त्याचा घुमारा पोटात जाणवत नाही. मोठ्या आवाजाच्या वाद्यांना मागे उभं करायचे, नाजूक वाद्यांना कर्ण्याला चिकटून बसवायचे, मिक्सिंग म्हणाल तर ते एवढंच. व्हायोलिन तर इतकं कमी पडायचं की त्याला पत्र्याचा भोंगा जोडलेलं खास स्ट्रोह व्हायोलिन वापरायला लागले. त्याचा आवाज एकदा ऐकलात की विसरणार नाही, थोडा नाकात बोलल्यासारखा.

१९२५ पासून माइक आला, काही ठिकाणी दोन-चार वर्षं उशिरा पोचला, आणि गाणं गाण्याची पद्धतच बदलली. आता ओरडायची गरज नाही, हळू, कानाशी बोलल्यासारखं गाता येतं. म्हणून रेकॉर्ड कितीही खरखरीत असली तरी गाणारा किंवा गाणारी जवळ येऊन हलक्या आवाजात गातेय असं वाटलं, तर "१९२५ नंतरचं" हा अंदाज बेधडक बांधा. खरखरीवरून वय ठरवू नका. नवशिका इथेच फसतो. खरखर म्हणजे रेकॉर्ड किती वाजवली गेली त्याचा हिशोब, ती कधी बनली त्याचा नाही.

मग लांबी. दहा इंची ७८ च्या (म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) रेकॉर्डवर एका बाजूला तीन मिनिटांच्या आसपास मावायचं. जास्त वेळ वाजणारी लाँग प्ले रेकॉर्ड आली १९४८ साली. त्याच्या आधीचं गाणं ऐकताना शेवटच्या पाऊण मिनिटाकडे जरा कान द्या. सुरुवात कशी ऐसपैस असते, एखादी ओळ दोन-दोनदा घोळवलेली, आणि मग अचानक ताना एकमेकींच्या अंगावर येऊन पडायला लागतात, श्वास घ्यायला वेळ नाही, मुखडा कसाबसा पकडला की संपलंच. तासभर रंगवायचा ख्याल तीन मिनिटांत बसवायचा म्हटल्यावर दुसरं काय होणार! मला स्वतःला ही घाई फार आवडते, त्यात एक वेगळीच धार येते, पण ते असो. ज्याला हे माहीत नाही त्यालाही "गायक घाईत आहे" हे जाणवतंच, फक्त तो म्हणतो की गाणं थोडं अस्वस्थ करणारं आहे. कुणकुण बरोबर असते, लावलेलं कारण चुकीचं असतं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

अगदी सुरुवातीच्या काही रेकॉर्डवर शेवटी कलाकार स्वतःचं नाव सांगतात. गायिका गौहर जान यांचं १९०२ चं रेकॉर्डिंग त्यासाठीच प्रसिद्ध आहे, गाणं संपता संपता त्या इंग्रजीत आपलं नाव जाहीर करतात. रेकॉर्ड जर्मनीत छापल्या जायच्या, तिथल्या लोकांना लेबल लावताना कळावं म्हणून ही सोय. असं नाव ऐकू आलं की अंदाज कशाला, उत्तरच मिळालं.

स्टिरिओ, म्हणजे दोन कानांना वेगवेगळा आवाज देणाऱ्या रेकॉर्ड बाजारात आल्या १९५८ मध्ये. एक इअरबड काढून बघा. निम्मं गाणं गायब झालं, गायक एका कानात आणि वाद्यं दुसऱ्या कानात अशी वाटणी असली तर बहुधा स्टिरिओच्या पहिल्या दहा वर्षांतलं. पण एक लबाडी आहे, साठच्या दशकात जुन्या मोनो (दोन्ही कानांना एकच आवाज देणाऱ्या) रेकॉर्डना उगाच स्टिरिओ बनवून विकलं जायचं, खालचे सूर एका बाजूला, वरचे दुसऱ्या बाजूला ढकलून. असलं काही कानावर पडलं की गाणं पोकळ वाटतं, डोकं किंचित गरगरतं, का ते कळत नाही. ते "का कळत नाही" पकडलंत की जिंकलात.

आणि लय. सुरुवातीला पायाने ठेका धरा, लय मोजणारं मेट्रोनोम ॲप असेल तर त्यावर टॅप करून आकडा बघा, आणि शेवटच्या कडव्याला परत बघा. माणसं एकत्र बसून वाजवतात तेव्हा गाणं थोडं तरी पळतंच. ऐंशीच्या दशकात ड्रम मशीन बोकाळल्यानंतरच्या बऱ्याच गाण्यांत आकडा जिथल्या तिथे राहतो. "हे गाणं जिवंत वाटत नाही" असं लोक म्हणतात तेव्हा कधीकधी फक्त एवढंच झालेलं असतं.

एक कुणकुण शेवटपर्यंत तपासून बघू

समजा एक जुनं गाणं लागलं. गायिकेचा आवाज गोड आहे पण जरा जास्तच बारीक, लहान मुलीसारखा. मनात येतं, "हिचा आवाज असा नसणार." आता इथे दोन प्रकारचे लोक असतात. एक म्हणतो, हट्, आपल्याला काय कळतंय, आणि पुढे जातो. दुसरा म्हणतो, मला आतून कळतं, रेकॉर्डमध्ये गडबड आहे, आणि चार लोकांना ठासून सांगत सुटतो. दोघंही तपासत नाहीत.

तपासायचं असं. कुठला सूर लागलाय ते दाखवणारं ट्यूनर ॲप उघडा आणि गाण्यात हार्मोनियम किंवा पियानोसारखं वाद्य शोधा. गायकाचा सूर कुठेही असू शकतो पण या वाद्याच्या पट्ट्या ठरलेल्या असतात. तो सूर बरोबर एखाद्या पट्टीवर बसतोय, की दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी लटकतोय? मध्ये लटकत असेल तर संशयाला जागा आहे, कारण ७८ च्या रेकॉर्ड सगळ्या काही ७८ वर रेकॉर्ड झालेल्या नव्हत्या. सुरुवातीच्या काळात कोणी सत्तरच्या जवळ फिरवायचं, कोणी ऐंशीच्या वर. ७४ च्या आसपास रेकॉर्ड केलेलं गाणं ७८ वर वाजवलं तर ते जवळजवळ एक पट्टी वर चढतं आणि आवाज कोवळा होतो, ताना आहेत त्यापेक्षा जलद वाटतात. मग प्लेयरमध्ये स्पीड पाच टक्के कमी करा, पण पिच लॉकची सेटिंग असेल तर ती बंद करून, नाहीतर नुसता वेग कमी होईल आणि सूर तिथेच राहील. आता ऐका. आवाज माणसाचा झाला? श्वास घ्यायच्या जागा नैसर्गिक वाटायला लागल्या? त्याच गायिकेचं नंतरच्या काळातलं रेकॉर्डिंग मिळालं तर शेजारी लावून बघा.

हार्मोनियमच वेगळी लावलेली असू शकते, जुनी वाद्यं आजच्या ठरलेल्या सुराला असतीलच असं नाही, त्यामुळे एकट्या ट्यूनरवर निकाल देऊ नका. पण ट्यूनर, श्वास आणि दुसरं रेकॉर्डिंग, तिन्ही एकाच बाजूला बोट दाखवत असतील तर तुमची कुणकुण खरी होती असं म्हणायला हरकत नाही. आणि नसतील दाखवत तर तिचा आवाजच बारीक आहे, विषय संपला.

लिहायचं कधी आणि काय

आधी अंदाज लिहायचा, मग उत्तर बघायचं. हा क्रम मोडला की सगळं मुसळ केरात. उत्तर बघितल्यावर प्रत्येकाला वाटतं की "हेच तर म्हणत होतो मी". वहीत, नोट्स ॲपमध्ये, कुठेही लिहा, एक ओळ पुरते: अंदाज काय आणि खात्री किती, थोडी, बरी, की पक्की. खात्रीचा हा रकाना फार महत्त्वाचा आहे, अंदाजापेक्षाही. काही दिवसांनी मागे जाऊन बघाल तेव्हा कळेल की "पक्की" लिहिलेले किती वेळा हुकले. काहींचं उलटं असतं, "थोडी" म्हणून लाजत लिहिलेले बहुतेक बरोबर निघतात, अशा माणसाने स्वतःच्या मनाचं जरा जास्त ऐकायला हवं. तुम्ही कुठल्या गटात आहात ते वही सांगेल, मी नाही.

कारणं मात्र लगेच लिहायला बसू नका. टिमोथी विल्सन आणि जोनाथन स्कूलर या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये एक अभ्यास छापला होता, त्यात विद्यार्थ्यांना वेगवेगळे जॅम चाखायला देऊन आवडीनुसार मार्क द्यायला सांगितले. ज्यांनी नुसते मार्क दिले त्यांचं मत तज्ज्ञांच्या मताशी बऱ्यापैकी जुळलं, ज्यांना "का आवडला त्याची कारणं लिहा" असं सांगितलं त्यांचं भरकटलं. कारण शोधायला बसलं की जे शब्दांत सांगायला सोपं तेच कारण हाताला लागतं, आणि मग मत त्या कारणाच्या मागे फरफटत जातं. म्हणून आधी कुणकुण, मग उत्तर, आणि सगळ्यात शेवटी कारण.

एक व्यवहारातली अडचण. ॲपवर जे वर्ष दिसतं ते बरेचदा मूळ रेकॉर्डिंगचं नसतंच, रीमास्टर केल्याचं किंवा कुठल्या तरी संग्रहात घातल्याचं असतं. १९३५ चं गाणं २००३ म्हणून मिरवतं. तुम्ही "तीसचं दशक" म्हणालात आणि ॲप म्हणालं २००३, तर हार मानू नका, रेकॉर्डचा नंबर किंवा जुनं लेबल शोधा. आणि शक्य असेल तर साफ न केलेलं, खरखरीसकट असलेलं रेकॉर्डिंग ऐका. नॉइज काढायच्या नादात वरचे सूरही पुसले जातात, तंबोऱ्याची झणझण, ओठांचे आवाज, श्वास, म्हणजे अंदाज ज्याच्या जिवावर बांधायचा तेच जातं. खरखरीची सवय दोन-तीन गाण्यांत होते, मग ती ऐकूही येत नाही.

ओळखीचं म्हणजे बरोबर नव्हे

इथे मोठा सापळा आहे. काही गाणी लागली की आतून एकदम "हेच! हेच खरं गाणं!" असं होतं आणि ते इतकं ठाम असतं की कुणकुण वाटते. बहुतेक वेळा ती नुसती ओळख असते. रॉबर्ट झायॉन्क या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्येच दाखवलं होतं की एखादी गोष्ट नुसती परत परत समोर आली तरी ती आवडायला लागते. शिवाय माणसाला साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी जास्त ठळक राहतात, त्या वयात ऐकलेली गाणीही. त्यामुळे "आमच्या वेळची गाणी काय होती!" हे प्रत्येक पिढी म्हणते आणि प्रत्येक पिढीला ते अगदी आतून वाटतं.

वेगळं कसं काढायचं? त्याच काळातलं, तशाच वाद्यांचं, पण तुम्ही कधीच न ऐकलेलं गाणं लावा, तुम्हाला न येणाऱ्या भाषेतलं असेल तर उत्तमच. तिथेही काही जाणवलं तर ते कानाचं. तिथे मन ठार गप्प बसलं तर मघाचं सगळं आठवणींचं होतं. आठवणींनी रडू येणं वाईट आहे असं कुठे म्हणतोय मी, रडा की, फक्त त्याच्या भरवशावर निर्णय घेऊ नका. विशेषतः रात्री उशिरा चार विरहाची गाणी लागोपाठ ऐकून कोणाला मेसेज करावासा वाटला तर तो सकाळी करा. आणि नेमकं अमुक गाणं लागलं म्हणजे हा इशाराच आहे असं वाटत असेल तर लक्षात घ्या, त्या आठवड्यात जी पन्नास गाणी काहीही इशारा न देता लागून गेली ती कोणी मोजलेली नसतात.

गाण्याच्या बाहेर

आता मुद्द्याचं. कान तयार झाला म्हणून सगळ्याच बाबतीत मन खरं बोलायला लागतं का? अजिबात नाही. डॅनियल कानेमन आणि गॅरी क्लाइन हे या विषयातले दोन विरुद्ध टोकांचे मानसशास्त्रज्ञ, एकाचा अंतःप्रेरणेवर विश्वास कमी, दुसरा अग्निशमन दलातल्या अनुभवी लोकांचा अभ्यास करून तिच्या बाजूने उभा राहिलेला. दोघांनी मिळून २००९ मध्ये एक लेख लिहिला आणि एका गोष्टीवर ते एकमत झाले: ज्या क्षेत्रात काही नियमितपणा आहे, आणि जिथे तुम्ही भरपूर सराव करून दरवेळी बरोबर-चूक कळवून घेतलंय, तिथे कुणकुण ऐका. नाहीतर ती कितीही ठाम वाटो, तिला वजन नाही. ठामपणा हा पुरावा नव्हे.

म्हणून स्वतःला विचारायचं ते एवढंच: या प्रकारचे अंदाज मी आधी किती वेळा बांधलेत आणि त्यांचं पुढे काय झालं हे मला कळलं का? वर्षानुवर्षं तेच मशीन चालवणाऱ्याला आज आवाज वेगळा येतोय असं वाटलं तर मशीन थांबवा. वर्गातलं एक मूल आज काहीतरी लपवतंय असं जुन्या शिक्षकाला वाटलं तर त्याच्याशी बोला. पण शेअर उद्या वर जाणार असं "आतून" वाटत असेल, किंवा पाच मिनिटं भेटलेल्या माणसाबद्दल पक्कं मत झालं असेल, तर ते मत वहीत "थोडी" या रकान्यात टाका आणि माहिती गोळा करा.

शरीर आधी बोलतं असंही म्हणतात. १९९७ च्या एका गाजलेल्या प्रयोगात पत्त्यांच्या चार गड्ड्यांतून पानं उचलायची होती, दोन गड्डे शेवटी तोट्यात नेणारे होते, आणि खेळणाऱ्यांना ते सांगता येण्याच्या आधीच त्या गड्ड्यांकडे हात नेताना त्यांच्या तळहातांना सूक्ष्म घाम यायला लागला होता. नंतर २००४ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तोच खेळ जास्त बारकाईने प्रश्न विचारत घेतला तेव्हा दिसलं की लोकांना वाटतं त्यापेक्षा बरंच आधी आणि बरंच जास्त कळलेलं असतं, नीट विचारलं की ते सांगतातही. मला यातला दुसरा भाग जास्त उपयोगाचा वाटतो. पोटात गोळा आला की तिथेच थांबून स्वतःला नेमके प्रश्न विचारा: कोणत्या वाक्याला खटकलं? त्याच्या बोलण्याला, की कागदावरच्या आकड्याला? काल हेच ऐकलं असतं तर खटकलं असतं का, की आज झोप झाली नाही? गाण्यात "पोकळ वाटतंय" वरून "एका कानात वाद्यं नाहीत" पर्यंत जसं पोचलात तसंच इथेही पोचायचं. पोचता आलं नाही तर निदान सही एक दिवस पुढे ढकला, बहुतेक कागद एका दिवसात कुठे पळून जात नाहीत, आणि जो म्हणतो की आत्ताच्या आत्ता करा त्याच्याबद्दलची कुणकुण तर ऐकाच.

सुरुवात करायची असेल तर रोज तीन-चार गाणी पुरे, जास्त केलं की कान थकतो आणि सगळंच १९५० चं वाटायला लागतं. मोबाईलच्या स्पीकरवर करू नका, खालचे सूर त्यात येतच नाहीत मग कर्ण्याचं काय नि माइकचं काय, सगळं सारखंच. साधे वायरचे हेडफोन चालतील. दोघं मिळून करत असाल तर दोघांनी वेगवेगळं लिहा आणि मगच बोला, नाहीतर जो आधी आणि मोठ्याने बोलतो त्याचाच अंदाज दोघांचा होतो. आणि हुकलेली गाणी लिस्टमधून काढू नका, असू द्यात, महिन्याभराने परत लागतील तेव्हा विसरलेलीच असतील.